शेकू की बर्फ लावू? घरच्या पोटल्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपड्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. काही वर्षांपूर्वी आईच्या मानेसाठी ज्वारी भरून एक लांबट पोटली शिवली. ती समोरच्या काकूंनी मागून नेली आणि तेव्हापासून ब्लाउजचं माप देता देता बाया मला गुडघे दाखवू लागल्या. मी डॉक्टर नाही. पण तेच प्रश्न इतक्यांदा ऐकलेत की उत्तरं एकदा लिहूनच टाकावीत म्हटलं. जिथे शंका होती तिथे आमच्या गिऱ्हाइकांतल्याच एका फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारून घेतलंय.

"माय, मना गुडघा दुखी ऱ्हायना. शेकू का बरफ लावू?"

मी उलट विचारते, कधीपासून? आज सकाळी ओट्यावरून घसरलात, गुडघा सुजलाय, हात लावला तर गरम लागतोय, तर बर्फ. तीन वर्षांपासून सकाळी उठताना धरतो आणि चार पावलं चाललं की मोकळा होतो, तर शेक.

ताजा मार, सूज, लाली असेल तोवर गार. जुनं, आखडलेलं, सूज नसलेलं दुखणं असेल तर गरम. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, सूज कमी चढते आणि ती जागा जरा बधिर होते. उबेने रक्तवाहिन्या पसरतात, ताठलेला स्नायू सैल पडतो. म्हणूनच सकाळी मुरगळलेल्या घोट्याला आजीने प्रेमाने विटेचा शेक दिला की संध्याकाळी घोटा टम्म होतो. निदान पहिले दोन दिवस शेकाचं नाव काढू नका.

यात एक मेख आहे. संधिवाताचा जुनाच गुडघा एखाद्या दिवशी अचानक लाल होऊन फुगला, तर त्या दिवशी तो ताजा धरायचा. सोबत ताप असेल तर पोटली ठेवून द्या आणि दवाखाना गाठा.

कापूस वेचून कंबर धरते. काय करावं?

दसऱ्यापासून पुढचे दोन-तीन महिने हाच प्रश्न येतो. दिवसभर वाकून वेचायचं, त्यात कमरेची ओटी भरत जाते तशी जड होत जाते, आणि मजुरी किलोवर असल्यामुळे कोणी मध्ये पाठ सरळ करत नाही. ही कंबर थकून आखडलेली असते, हिला शेकच हवा. संध्याकाळी अंघोळ झाली की पालथं न झोपता कुशीवर वळून पंधरा-वीस मिनिटं पोटली कमरेशी धरायची. नंतर उताणं पडून गुडघे एकेक करून पोटाशी घ्यायचे. रावेर-यावलकडे केळीचे घड खांद्यावरून वाहणाऱ्यांची मान आणि खांदा असाच धरतो, त्यांनाही हेच.

पण कळ पायात खालपर्यंत उतरत असेल, पायाला मुंग्या येत असतील, पाऊल उचलताना लुळं पडत असेल, तर ते नुसतं आखडणं नव्हे. आणि लघवी-संडासवरचा ताबा सुटल्यासारखा वाटला तर त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

पोटली शिवायची कशी?

हा माझा प्रांत, म्हणून सविस्तर सांगते.

कापड शंभर टक्के सुती घ्या. मांजरपाट सगळ्यात चांगला, जुनी जाड चादरही चालते. साडीचा तुकडा नको. "सुतीच आहे" म्हणून आणलेल्या दहा साड्यांपैकी निम्म्यांत पॉलिस्टर निघतं. ओळखायचं असेल तर काठाचा एक धागा उपसून जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर आक्रसतं आणि त्याची टोकाला कडक गोळी होते. तीच गोळी उद्या तुमच्या कातडीला चिकटणार आहे. दोराही सुतीच, चेन नको, प्रेसबटण नको.

मांजरपाट आधी पाण्यात भिजवून वाळवा, तो आटतो. मानेसाठी शिवून झाल्यावर २० इंच लांब आणि ५ इंच रुंद भरेल असा तुकडा घ्या, गुडघ्यासाठी १० बाय ५ पुरे. तीन बाजूंनी दोनदा टीप मारा. चौथ्या बाजूने धान्य भरायचं, पण ठासून नाही, दोन तृतीयांशच. ठासून भरलेली पोटली लाकडासारखी होते आणि मानेला जिथे खळगा आहे तिथे टेकतच नाही. मानेच्या पोटलीत साधारण ८०० ग्रॅम, गुडघ्याच्या पोटलीत ४०० ग्रॅम ज्वारी बसते. मानेच्या पोटलीला मध्ये आडव्या टिपा मारून चार कप्पे करा, नाहीतर उचलली की सगळी ज्वारी दोन्ही टोकांना पळते आणि मानेवर नुसतं कापड उरतं. एक कप्पा भरायचा, टीप मारायची, मग दुसरा. मशीनच्या सुईखाली दाणा आला की सुई तुटते. माझ्या पहिल्या पोटलीत तीन सुया गेल्या. आता मी दाणे खाली झटकून टिपेच्या जागी कपड्याचे चिमटे लावते.

वरून उशीच्या अभ्र्यासारखी एक खोळ शिवा. धुवायची ती खोळ. आतली पोटली कधीच धुवायची नाही.

ज्वारीच का? तांदूळ, मीठ, वाळू, सरकी चालेल का?

भाकरीची दादर पोटलीत घालू नका, इतकी चांगली ज्वारी वाया घालवू नये. डब्याच्या तळाशी राहिलेली जुनी संकरित ज्वारी उत्तम. गहू, तांदूळ, जवसही चालतात. जवसाचे दाणे घसरते असतात, त्यामुळे ती पोटली अंगाला सगळ्यात छान बसते, पण जवस महाग पडतं आणि काही महिन्यांनी त्याला खवट वास येतो.

धान्यात मुळातच थोडी ओल असते. तापलं की ती वाफ होऊन बाहेर येते, म्हणून धान्याचा शेक कोरडा ठक्क लागत नाही. दुसरं म्हणजे धान्य तुम्हाला सावध करतं. जास्त तापलं की करपल्याचा वास येतो. खडे मीठ आणि तापीची वाळू काही बोलत नाहीत. कढईत कितीही तापवा, वास नाही, रंग नाही, आणि पहिला पत्ता लागतो तो कातडीला. आमच्याकडे मिठाच्या पुरचुंडीने भाजून आलेल्या बाया मी पाहिल्यात. तिसरी अडचण म्हणजे वजनाच्या मानाने मीठ आणि वाळू ऊब फार कमी धरतात. पाण्याच्या तर पाचव्या हिश्श्याइतकीच. म्हणजे आधी चटका आणि पाच मिनिटांत गार.

सरकी मात्र अजिबात नको. खान्देशात ती ढिगाने मिळते, म्हणून हा प्रश्न येतोच. पण सरकीवर कापसाची लव राहिलेली असते आणि आत तेल असतं. अशी वस्तू तापवून अंथरुणात घेऊ नये.

घरात मायक्रोवेव्ह नाही. तापवायची कशी?

बहुतेकांकडे नसतोच. पोटली तव्यावर टाकायची नाही, कापड करपतं. कढईत धान्य भाजून मोज्यात ओतायची पद्धत मी एकदा मोठ्या आचेवर करून पाहिली. ज्वारीच्या लाह्या फुटल्या. मुलांनी वर मीठ-तिखट टाकून खाल्ल्या, मान दुखायची ती दुखतच राहिली.

आता मी अशी करते. झाकणाच्या कोरड्या स्टीलच्या डब्यात पोटली ठेवायची, झाकण घट्ट लावायचं आणि डबा पातेल्यात उकळत्या पाण्यात ठेवायचा, पाणी डब्याच्या निम्म्यापर्यंत. मंद आचेवर वीस मिनिटं, मध्ये एकदा पोटली उलटायची. पाणी उकळतं त्याहून जास्त डबा तापूच शकत नाही, त्यामुळे करपायची भीती नाही. बाहेर काढल्यावर पोटली झटकून दाणे इकडेतिकडे करा, कारण कडेचे दाणे कडक तापलेले असतात आणि मधले कोमट. मग दोन मिनिटं थांबा.

मायक्रोवेव्ह असेल तर पोटलीशेजारी अर्धा कप पाणी ठेवून एका वेळी तीस सेकंदच तापवा, झटका, हात लावून पाहा, मग पुढचे तीस. सलग पाच मिनिटं लावून स्वयंपाकाला गेलात तर धूर निघतो.

मे महिन्यात यातलं काहीच लागत नाही. दुपारी बारा ते दोन गच्चीवर काळ्या कापडाखाली ठेवा. पारा ४४-४५ वर असताना सूर्य हे काम फुकटात करतो.

किती गरम आणि किती वेळ?

आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की चटका बसल्याशिवाय गुण येत नाही. माझं सगळ्यात जास्त भांडण याच समजाशी आहे. आखडलेला स्नायू सुटायला ४० ते ४५ अंशांची ऊब पुरते, म्हणजे अंघोळीला आपण कडत म्हणतो तेवढी. ६० अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत कातडी भाजतं. ५० अंशांना काही मिनिटं लागतात. आणि ४४ अंशांची, हाताला अगदी सुखाची वाटणारी वस्तूसुद्धा एकाच जागी कित्येक तास राहिली तर फोड येतो. म्हणून पोटली किंवा रबरी पिशवी पोटाशी घेऊन झोपू नये. पंधरा-वीस मिनिटं झाली की बाजूला काढा. तासा-दोन तासांनी परत चालेल.

मनगटाच्या आतल्या बाजूला धरून पाहा, तान्ह्या बाळाचं दूध पाहतो तसं. तिथे सोसलं तर अंगाला लावा.

महिनोन्महिने रोज एकाच जागी शेक घेणाऱ्यांच्या कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग पडतात. ते दिसले की शेक थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. इतका शेक का लागतोय, हेही त्यांना विचारा.

रबरी पिशवीच बरी नाही का?

बरी आहे, पाण्याइतकी ऊब दुसरं काही धरत नाही. फक्त उकळतं पाणी ओतू नका, दोन तृतीयांश भरा, आडवी दाबून आतली हवा काढा आणि मग बूच लावा. वर टॉवेल गुंडाळा. दोन वर्षं झाली की रबर मऊ दिसत असलं तरी बदला. फुटते ती नेमकी अंगाखाली.

गार पिशवी घरी कशी करायची?

सगळ्यात सोपी म्हणजे ओला नॅपकिन. पिळा, चौपदरी घडी करा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवा. दुसरी सोय किराणा दुकानातली पोरांची पेप्सी, ती नळकांडीतली रंगीत. बोटाला किंवा मनगटाला लागलं तर दोन पेप्सी रुमालात गुंडाळा. काम झाल्यावर पोरं उरलेली खातात.

पण बर्फाचा दगड घोट्याला नीट टेकत नाही, त्याला वाकणारी पिशवी हवी. त्यासाठी सर्जिकल स्पिरिट किंवा कोरोनाच्या काळातलं उरलेलं सॅनिटायझर कपाटातून काढा. एक वाटी ते आणि दोन वाट्या पाणी. दुधाच्या किंवा तेलाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवता ना, त्या जाड असतात. त्यात ओता, हवा काढून तोंड बांधा आणि वरून दुसरी पिशवी चढवा. स्पिरिटमुळे ते दगड होत नाही, गोळ्याच्या गाडीवरच्या चुऱ्यासारखं राहतं आणि घोट्याभोवती बसतं. एका दाराच्या फ्रीजचा कप्पा तितका थंड नसतो, तिथे हे मिश्रण पातळच राहतं. मग एकास तीन करा. पिशवीवर ठळक लिहा, नाहीतर कोणीतरी सरबत समजेल. चुलीजवळ नेऊ नका, सॅनिटायझर भडकतं.

गार पिशवी उघड्या कातडीवर कधीच ठेवायची नाही. मध्ये ओला पातळ रुमाल, आणि स्पिरिटवाली असेल तर दुहेरी कापड, कारण ती साध्या वितळत्या बर्फापेक्षा कितीतरी थंड असते. दहा ते पंधरा मिनिटं, फार तर वीस. आधी गार लागतं, मग चुरचुरतं, मग ठणकतं आणि मग जागा बधिर होते. बधिर झाली की पिशवी काढा. पुन्हा दोन तासांनी.

बर्फात मीठ घातलं तर जास्त गार होतं ना?

होतं, आणि म्हणूनच घालायचं नाही. कुल्फीवाला मटक्यात बर्फ आणि मीठ घालतो ते याचसाठी, ते मिश्रण शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतं. दूध गोठवायला ठीक, पाय गोठवायला नाही. साधा बर्फ शून्य अंशावर वितळतो आणि वितळता वितळता खूप उष्णता ओढतो. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला जेवढी उष्णता लागते तेवढ्यात तेच पाणी शून्यावरून ८० अंशांवर जाईल. बर्फाचे तुकडे आणि थोडं पाणी घातलेली पिशवी ही सगळ्यात भरवशाची.

लाईट नाही, फ्रीज नाही. मग?

माठ आहे ना. जाडसर सुती फडकं माठातल्या पाण्यात बुडवून हलकं पिळा, घोट्याला गुंडाळा आणि पाय उशीवर उंच ठेवून वाऱ्यात बसा. आपल्या उन्हाळ्याची हवा कोरडी ठक्क असते, त्यामुळे पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. माठ गार होतो तो यामुळेच. फडकं दर पाच मिनिटांनी ओलं करा. बर्फाइतकी सूज उतरणार नाही, पण ठणका बसतो. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा हे फारसं चालत नाही.

ओवा, एरंडाचं पान, रुईचं पान?

ओव्याची पुरचुंडी छान वाटते, वासानेच निम्मं बरं वाटतं. काम करते ती ऊबच. एरंडाचं पान गरम करून बांधायला हरकत नाही. रुई टाळा. तिचा चीक कातडीला फोड आणतो आणि डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते.

मलम चोळून वरून शेक घेतला तर लवकर गुण येईल?

नाही, भाजेल. झणझणीत मलम लावल्यावर खरी उष्णता किती हे कातडीला कळेनासं होतं. एक काहीतरी करा.

सासूबाईंना शुगर आहे. त्यांना शेक द्यावा का?

हे माझ्याच घरात घडलंय. थंडीचे दिवस होते, पाय गार पडलेत म्हणाल्या. चुलीतली वीट फडक्यात गुंडाळून पायथ्याशी ठेवली. मी दोनदा विचारलं, चटका तर बसत नाही? "कुठे, कोमटच आहे." सकाळी टाचेवर लिंबाएवढा फोड. त्यांना खरंच काही लागलं नव्हतं, शुगरने तळपायाच्या नसांची जाणीव गेलेली. ती जखम भरायला दोन महिने लागले.

तेव्हापासून आमच्याकडे नियम असा. शुगर असलेल्यांच्या पावलांना शेकही नाही आणि बर्फही नाही, मोजे घालायचे. पाठ-मान शेकायची तर पोटलीची ऊब दुसऱ्याने आपल्या मनगटावर पाहायची. लकवा झालेला भाग, रक्त नीट न पोचणारे पाय, तान्ही मुलं, गुंगीच्या गोळ्या घेऊन झोपणारी माणसं, सगळ्यांना हेच लागू.

पाळीत पोट दुखतं तेव्हा?

शेक. ओटीपोटावर किंवा कमरेवर, पंधरा-वीस मिनिटं. यात संकोच काय करायचा, माझ्या पोटल्या सगळ्यात जास्त कॉलेजच्या मुली नेतात. गरोदरपणात मात्र पोटावर शेक नको. कमरेला हलकी ऊब चालते, तीही डॉक्टरांना विचारून.

पोटली लावायचीच नाही असं काही आहे का?

पोटात उजवीकडे खाली दुखतंय, मळमळतंय, ताप आहे, तर शेकत बसू नका, अपेंडिक्स असू शकतं. छातीत दाब आणि घाम असेल तर थेट दवाखाना. एकच पोटरी सुजली, लाल आणि गरम झाली तर शेकू नका, चोळूही नका, आत रक्ताची गुठळी असू शकते. दात सुजला असेल तर बाहेरून गालाला गार लावा, शेक देऊ नका. भाजल्यावर बर्फ नको, नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडा.

विंचू चावला तर बर्फ लावू का?

दवाखान्याच्या वाटेवर कापडात गुंडाळून लावा, वेदना थोडी दबते. पण वाट धरायचीच, विशेषतः लहान मूल असेल तर. घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले म्हणजे विष हृदयावर चाललंय. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन नावाची गोळी उपयोगी पडते, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिलं आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. ती गोळी दवाखान्यात मिळते, मांत्रिकाकडे नाही. सापाच्या दंशावर बर्फ लावायचाच नाही.

ऊन लागलेल्या माणसाला गार पिशवी कुठे ठेवायची?

मान, काखा, जांघा. अंगावर पाणी ओतून वारा घाला, कूलरसमोर आणा. माणूस बरळत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका, १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत पाणी ओतत राहा.

बर्फ लावला तर दुखणं भरायला उशीर होतो म्हणतात. खरं का?

आराम, बर्फ, पट्टीचा दाब आणि पाय उंच, हे सूत्र १९७८ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. गेब मर्किन यांनी मांडलं. त्यांनीच २०१४ मध्ये मत बदललं. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग आहे, फार वेळ बर्फ लावला तर ती दुरुस्ती रेंगाळते, असं ते म्हणाले. म्हणजे बर्फ वाईट असं नाही. ठणका असह्य असेल तेव्हा थोडा वेळ लावा, दिवसभर पाय बादलीत ठेवून बसू नका. पाऊल टेकवताच येत नसेल तर बर्फाचा नाही, एक्स-रेचा विचार करा.

पोटली किती दिवस टिकते? किडे नाही होत?

होतात, धान्यच ते. वापरात असलेल्या पोटलीत सोंडे धरत नाहीत, तापून मरतात. पावसाळाभर कपाटात कोंबून ठेवलेलीत मात्र हमखास. वापर नसेल तेव्हा हवाबंद डब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा कडक ऊन दाखवा. घामाने खोळ खराब होते ती धुवा. दाण्यांना करपट वास यायला लागला, किंवा तापवूनही ऊब चटकन उतरते असं वाटलं, की एका बाजूची टीप उसवायची, जुनी ज्वारी पाखरांना टाकायची आणि नवी भरायची. नेमाने वापरणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांची वर्षभर जाते. उसवायला ब्लेड घेऊ नका, मांजरपाट फाटतो. दुकानात घेऊन या, टीप मी उसवून देते.